दुपारची मोकळीक

वजनमावशींना एक विद्या येत होती, आणि ती जगातल्या कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. ससा हातात घेतला की काट्याकडे न बघता त्या त्याचं वजन सांगत. उजवा हात मानेवरच्या सैल कातडीला, डावा मागच्या पायांखाली, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "सोळाशे चाळीस." काटा सोळाशे पन्नास दाखवायचा, फार तर सोळाशे तीस. अशा वेळी मावशींचा संशय काट्यावरच असे.

सशांच्या संशोधन केंद्रात त्यांची अठरा वर्षं झाली होती. रोज सकाळी खाद्यपाणी, संध्याकाळी झाडलोट आणि दर सोमवारी वजनं. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच सुखात होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून संचालकसाहेबांपर्यंत सगळे त्यांना वजनमावशीच म्हणत. इथले ससे मांसासाठी वाढवले जात, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी रुसायला नको. मावशींनाही ते पक्कं ठाऊक होतं. त्या कुठल्या सशाचं नाव ठेवत नसत, कानावरचा नंबर तेवढा पाठ असे.

दुपारी एक ते दोन शेड बंद असे. प्राण्यांच्या विश्रांतीची वेळ, अशी दारावर पाटीच होती. प्राणी विश्रांती घेत की नाही देव जाणे, पण माणसं ती मनापासून घेत. पहारेकऱ्याची मान छातीवर पडे, कचेरीतले पंखे रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत. मावशी मात्र शेडची किल्ली कमरेला असल्यामुळे आत जाऊन खाद्याच्या पालथ्या टोपल्यावर बसत. छपराचे काही पत्रे दुधी रंगाचे होते, त्यातून उजेड पाझरून खाली येई. अडीचशे जीव एका छपराखाली, आणि आवाज काय, तर हलकी कुरतड. त्या आवाजात मावशींचे डोळे मिटत, पण झोप येत नसे. झोप आणि जाग यांच्या मधल्या ओसरीवर त्या बसून राहत. तिथे बसल्या की त्यांना वाटे, आपण मुलगी आहोत, समोर मोठं मैदान आहे, आणि कुणीही हाक मारत नाहीये. मग दोनची घंटा होई आणि पदर झटकून त्या उठत.

घरी त्यांची नणंद होती. नवरा लग्नानंतर नवव्या वर्षी गेला, नणंद राहिली. थोरली, बिनलग्नाची, शिंप्यासाठी काजं-बटणं करणारी आणि जिभेला सुईपेक्षा जास्त धार असलेली. मावशी तिला वन्सं म्हणत आणि तिला घाबरत, पण तिच्यावाचून त्यांना घास गिळत नसे. दोघी दीड खोलीत राहत. त्या दीडमधली अर्धी खोली कुठली, यावर वन्संचं आणि त्यांचं वीस वर्षांत एकमत झालं नव्हतं.

तर झालं असं, की त्या वर्षी केंद्रात एक नव्या मॅडम आल्या. तरुण, चष्मा घातलेल्या, अंबाड्यात पेन खोचून मग तेच पेन टेबलभर शोधणाऱ्या. आल्या त्या आठवड्यातच त्यांनी शेडचा एक कोपरा रिकामा करून घेतला आणि जमिनीवर तीन मोठे कप्पे बांधले. खाली पेंढा, एका बाजूला चढून बसायला फळी, कुरतडायला लाकडाचे ओंडके. समोरच्या भिंतीला नेहमीचे जाळीचे पिंजरे, बारा. मग एकाच वेळी आईपासून तोडलेली पाच आठवड्यांची अठ्ठेचाळीस पिल्लं घेतली. भावंडं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. पिंजऱ्यात दोन-दोन, कप्प्यात आठ-आठ.

"खाद्य एक, पाणी एक, आईबाप एक, हात तुमचा एकच," मॅडमनी मावशींना समजावलं. "फरक फक्त घराचा. सहा आठवड्यांनी बघायचं, कोण किती वाढलं आणि मांस कसं झालं."

"आणि बघून काय करायचं?"

"नवी शेड बांधायची आहे, आठशे सशांची. पिंजरे घालायचे की जमीन ठेवायची, ते यावर ठरणार."

मावशींनी घरी येऊन हे सांगितलं. वन्संनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "नशीबवान आहेत मेले. आपल्याला कुणी विचारलं का, कुठलं घर मानवतं म्हणून?" वन्सं तेव्हा पलंगावरच होत्या. मोरीत पाय घसरून नडगी मोडली होती आणि मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर होतं. त्यामुळे जिभेला जास्तीचं काम पडे.

चौथ्या दिवशी मावशी पेंढा पसरत होत्या. कप्प्यातलं एक करडं पिल्लू एका टोकाला दबा धरून बसलं होतं. एकाएकी ते सुसाट धावलं, मधेच हवेत उडालं, वरच्या वर अंग पिळून मागचे पाय एका बाजूला झाडले आणि खाली पडलं ते तोंड भलतीकडे करून. स्वतःच चकित झाल्यासारखं बसून राहिलं. मावशींच्या हातातला पेंढा गळाला. फीट आली, त्यांनी ठरवूनच टाकलं, आणि चपला तिथेच सोडून त्या प्रयोगशाळेकडे पळत सुटल्या.

मॅडम धावत आल्या. त्यांनी पाहिलं. तोवर तिघा-चौघांना तीच फीट आली होती. मॅडम हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अहो मावशी, आजारी नाहीयेत ते. खूश आहेत. ससा आनंदात असला की अशी उडी मारतो."

"नेहमी?"

"जागा असली तर."

मावशी पिंजऱ्यांकडे बघू लागल्या. अठरा वर्षं. किती हजार ससे या हातांतून गेले, त्यांचं वजन ग्रॅमात सांगतो आपण, आणि ससा आनंदात असला की काय करतो ते आपल्याला आज कळतंय! पिंजऱ्याची उंची ती किती, दोन विती. त्यात उडी मारायची कुठे आणि कशी? त्यांना फार वाईट वाटलं. लाज वाटली म्हटलं तरी चालेल.

त्याच आठवड्यात वन्संचं प्लास्टर निघालं. आतून पाय बाहेर आला तो बघून वन्संचीही बोलती बंद झाली. मांडी अर्धी झाली होती, पोटरी लोंबत होती. हाडांच्या डॉक्टरांनी चिमटीत कातडी धरून सांगितलं, "हाड छान जुळलंय. मांस मात्र गेलंय. चालल्याशिवाय ते परत यायचं नाही, औषध-बिषध काही नाही त्याला." मग रोज संध्याकाळी मावशी वन्संना खांद्याचा आधार देऊन इमारतीच्या लांब बोळातून फिरवू लागल्या. जिन्यापासून नळापर्यंत, नळापासून जिन्यापर्यंत. वन्सं प्रत्येक पावलाला कुणाला तरी शिव्या देत, पण पावलं मोजत.

पुढच्या सोमवारी मावशींनी पिंजऱ्यातला ससा वजनाला उचलला. वजन चांगलं होतं, कप्प्यातल्या त्याच्या भावापेक्षा साठ-सत्तर ग्रॅम जास्तच. पण डाव्या तळव्याखाली मांडी आली ती मऊ, सैल. आदल्या संध्याकाळीच त्यांनी वन्संच्या पायाला तेल लावलं होतं. हाताला दोन्ही एकच वाटलं.

आणि त्या दुपारी त्यांनी ते केलं.

एक वाजून गेला होता. शेडमध्ये तो दुधी उजेड भरला होता. मावशी टोपल्यावर बसल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले, आणि नंतर त्यांना कधीच नीट सांगता आलं नाही की उठल्या कधी, पिंजऱ्याच्या दाराची खिटी काढली कधी. पहिल्या तीन पिंजऱ्यांतले सहा ससे त्यांनी एकेक करून खाली ठेवले, पिंजरे आणि कप्पे यांच्यामधल्या सिमेंटच्या वाटेवर. सहाच्या सहा दगडासारखे बसून राहिले. नाकं तेवढी हलत होती. कितीतरी वेळाने एकाने मान लांब केली, एक पाऊल टाकलं. सपाट जमीन पायाला लागल्यावर ते पाऊल त्याने परत उचललं आणि पुन्हा ठेवलं. मग दुसऱ्याने. आणि मग जे सुरू झालं ते मावशी टोपल्यावर बसून बघत राहिल्या. पांढरे, करडे, बदामी जीव वाटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आवाज न करता वाहत होते, वळत होते, परत येत होते. कप्प्यातली भावंडं जाळीला नाक लावून बघत होती. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही; चौथ्या दिवशी एक पांढरी मादी धावता धावता हवेत उडाली आणि अंग पिळून खाली आली. मावशींनी तोंडावर पदर धरला. हसल्या की रडल्या, ते त्या उजेडालाच माहीत.

रोज एक ते दोन. सहा ससे पंधरा मिनिटं, मग पुढचे सहा. बारा पिंजरे तासात होत. कानावरचे नंबर पाठ असल्यामुळे कोण कुठला याची चूक होणं शक्यच नव्हतं. दोनच्या घंटेआधी वाट झाडून स्वच्छ. आठवडाभरातच ससे हुशार झाले. किल्लीचा आवाज आला की चोवीसच्या चोवीस खिटीपाशी येऊन उभे राहत. सोमवारी डाव्या तळव्याखाली मांड्या हळूहळू भरत चालल्या, टणक होत चालल्या. पिंजऱ्यातल्यांचं वजन मॅडमच्या अंदाजापेक्षा थोडं कमी येऊ लागलं तेव्हा मॅडम पेन चावत म्हणाल्या, "कुठेतरी घोडं पेंड खातंय." मावशी काट्याची ताटली पुसत राहिल्या. घरी वन्संची पोटरीही धरत होती. मावशींना वाटे, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून काहीतरी धडाचं होतंय. त्या दिवसांत त्या रस्त्यानेही जरा तरंगत चालत.

सहा आठवडे झाले. अठ्ठेचाळीस ससे गेले. त्या दिवशी मावशी नेहमीप्रमाणे शेडच्या मागे जाऊन टोपली घासत बसल्या. मरण काही त्यांच्या हातात नव्हतं. थोडे दिवस तरी पाय मोकळे झाले, एवढं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली आणि ती पटलीही.

आठवड्याने मॅडम शेडमध्ये आल्या आणि रिकाम्या कप्प्यातल्या पेंढ्यावर तशाच बसल्या. चेहरा उतरलेला.

"काय झालं हो मॅडम?"

"काहीच झालं नाही मावशी, तेच तर झालंय. फरकच नाही. मांडीचा रंग सारखा, चरबी सारखी, हाड मोडायला लागणारा जोर सारखा. मला खात्री होती. पिंजऱ्यातला ससा बसून राहतो, त्याची मांडी फिकी पडते, हाड ठिसूळ होतं, मूत्रपिंडाभोवती चरबी साचते. सगळं मनात लिहून तयार होतं. आणि आकडे म्हणतात, पिंजरा काय, जमीन काय, एकच."

"मग आता?"

"आता काय. गुरुवारी समिती बसेल. फरक नसेल तर पिंजरेच घालणार, झाडायला सोपे, जागा कमी. तीन मजली पिंजरे, आठशे ससे. पुढची वीस वर्षं."

मावशींच्या हातातला खराटा हातातच राहिला. मॅडमना कळेना ते मावशींना एका क्षणात कळलं होतं. फरक दिसणार कुठून? तो त्यांनीच रोज दुपारी एक तास पुसून टाकला होता. बोलायला हवं होतं. ओठापर्यंत आलंही होतं. पण आपल्या मावशींचं काळीज पडलं सशाचं. निवृत्तीला दोन वर्षं, अठरा वर्षांत एक लाल शेरा नाही, आणि मॅडम तर अशा बसलेल्या, की वर्मी घाव कसा घालायचा? त्या "असं होय," म्हणाल्या आणि झाडत झाडत लांब गेल्या.

संध्याकाळी बोळातून फिरताना वन्सं काठी घेऊन एकट्या चालत होत्या, मावशी मागे.

"आज दोन वेळा मला ओलांडून पुढे गेलीस," वन्सं म्हणाल्या. "काय चोरून आणलंयस?"

चोराच्या मनात चांदणं! मावशींनी नळापाशी उभं राहून सगळं सांगितलं. उडी, मांड्या, एक ते दोन, समिती, सगळं. वन्संनी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकलं. मावशींना वाटलं होतं, शिव्या मिळतील, नाहीतर जाऊ दे म्हणतील. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

"म्हणजे बघ," वन्सं म्हणाल्या, "तू चोवीस जणांना बाहेर काढलंस आणि आठशेंना आत घातलंस."

"मला काय ठाऊक, वन्सं! मी चांगलंच करायला गेले."

"चांगलंच केलंस. आता ते निस्तर."

"नोकरी गेली तर?"

"तर दोघी मिळून काजं करू. तुझी वाकडी येतील, ती मी उसवीन." आणि काठी टेकत त्या जिन्याकडे वळल्या.

गुरुवारी सकाळी समिती बसायच्या आधी मावशी मॅडमच्या खोलीत गेल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. उभ्यानेच, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत, एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी आधी ऐकलंच नाही, मग ऐकलं, मग त्या उठून उभ्या राहिल्या.

"सहा आठवडे, मावशी! माझं सहा आठवड्यांचं काम! अठ्ठेचाळीस ससे फुकट गेले!" अंबाड्यातलं पेन काढून त्यांनी टेबलावर आपटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. मग त्या वळल्या आणि तेच आपटलेलं पेन उचलून म्हणाल्या, "रोज किती वेळ?"

"एकेकाला पंधरा मिनिटं."

"नुसत्या पंधरा मिनिटांत मांडीत एवढा फरक." त्यांनी लिहून घेतलं. आवाज अजून रागाचाच होता, पण पेन भराभर चालत होतं. "मला उत्तर मिळालं मावशी. पण समितीला असं तोंडी पटायचं नाही. त्यांना आकडे लागतात. सगळं पुन्हा करावं लागेल."

समितीत काय झालं ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या मावशींना नीट कळलं नाही, पण संचालकसाहेबांचा आवाज भिंतीतून येत होता. शेवटी मावशींना एक कडक पत्र मिळालं आणि मॅडमना आणखी एक संधी. शेडचा निर्णय दोन महिने पुढे गेला.

"आता पिंजऱ्यांकडे कोण बघणार?" मॅडमनी विचारलं. "पुन्हा उघडाल अशी धास्ती मला आहेच, खोटं कशाला बोलू. पहारेकऱ्याला सांगू का?"

मावशींना पहारेकऱ्याचे हात आठवले. तो सशाला कानांना धरून उचलत असे, पिशवी उचलावी तसा. "हात बदलला की ससे खाणं टाकतात," त्या म्हणाल्या. "मीच बघते."

"आणि दुपारी?"

"दुपारी नाही उघडणार."

नवी अठ्ठेचाळीस पिल्लं आली. भावंडं पुन्हा निम्मी इकडे, निम्मी तिकडे. कुणाला कुठे ठेवायचं ते मॅडम चिठ्ठ्या काढून सांगत होत्या आणि मावशी उचलून ठेवत होत्या. हे इकडे, हे तिकडे. बारावी खिटी लावून झाल्यावर त्यांनी हात पदराला पुसले.

ते सहा आठवडे मावशींना पुढे स्वप्नासारखे आठवत, पण चांगल्या स्वप्नासारखे नव्हेत. दुपारी आत जायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि पहिल्याच दिवशी गेल्या. बाहेर बसून कल्पना करत राहण्यापेक्षा आत बसून बघणं त्यांना सोपं वाटलं. तोच उजेड, तीच कुरतड. कप्प्यांत उड्या चालल्या होत्या, ओंडके कुरतडले जात होते, दोन नर एकमेकांची लव उपटत होते. आणि पिंजऱ्यांत शांत. आधीचे ससे किल्लीच्या आवाजाने खिटीपाशी येत. हे येत नव्हते. दार ही वस्तू उघडते, हेच त्यांना माहीत नव्हतं. मावशींना वाटलं होतं, ते बाहेर यायला धडपडतील आणि आपल्याला ते बघवणार नाही. त्यांनी काही मागितलंच नाही, आणि नेमकं तेच बघवेना.

कधी डुलकी लागे आणि दिसे, की आपण सगळ्या खिट्या काढल्यात, शेडभर पांढरे-करडे जीव धावतायत, छप्पर उडून गेलंय आणि वर नुसतं आभाळ. दचकून डोळे उघडत. मग त्या उठून एकेक खिटी हात लावून बघत. लागलेली आहे ना? आहे. ही? आहे. बारा खिट्या. लागलेल्या आहेत म्हणून हायसं वाटे, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग येई.

सोमवारी डाव्या तळव्याखाली मांड्या येत. वजन छान भरत होतं, कप्प्यातल्यांपेक्षा दीडशे ग्रॅम, दोनशे ग्रॅम जास्त. मांडी मऊ, सैल. पाचव्या आठवड्यात काहींच्या तळपायांना जाळीने लाल घट्टे पडले. मावशी तिथे मलम लावत. मलम लावायला मॅडमनी परवानगी दिली होती. मलम लावताना नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागे, एवढीच काय ती चोरी त्या काळात त्यांनी केली.

आणि मग एके दिवशी मॅडम स्वतः शेडच्या दारात आल्या, हातमोजे तसेच घातलेले. "मावशी, चला. तुम्हाला दाखवायचंय."

मांसाच्या खोलीत मावशी अठरा वर्षांत कधी गेल्या नव्हत्या. आत थंड होतं आणि अगदी स्वच्छ, नळाचं पाणी ठिबकत होतं. पांढऱ्या टेबलावर दोन पसरट ताटं होती, दोन्हींत मांडीचे तुकडे मांडलेले. एकातलं मांस गुलाबी-लाल, घट्ट. दुसऱ्यातलं फिकं, ओलसर, ताटात पाणी सुटलेलं, आणि शेजारी चरबीचे जाड पांढरे गोळे. हाड मोडायचं यंत्र बाजूला होतं.

"पिंजऱ्यातलं हाड किती लवकर मोडतं बघा! आणि रंग बघा!" मॅडमच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "वजन पिंजऱ्याचं जास्त, पण आत काय आहे ते दिसलं. साहेबांनी स्वतः येऊन बोट लावून पाहिलं. नवी शेड जमिनीची होणार मावशी. पेंढा, फळ्या, सगळं!"

मावशींनी मान हलवली. चांगलं झालं म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून वाटतही होतं. त्या फिक्या ताटाकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. ताटावर नंबरांची चिठ्ठी होती. त्यांनी ती वाचली नाही. वाचायची गरज नव्हती, कुठल्या मांडीचा हाताला कसा भार लागायचा ते त्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी वन्सं काठीशिवाय दारापर्यंत आल्या. "ठरलं का?"

"ठरलं. जमीनच. आठशेच्या आठशे."

"मग तोंड का असं? निस्तरलंस ना? फटाके वाजव."

मावशी उंबऱ्यावरच बसल्या, चपला पायात, किल्ल्या कमरेला.

"वन्सं, पहिल्यांदा मला काही ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "या वेळी होतं. ते उडी मारतात हे ठाऊक होतं. मांडी कशी होणार ते ठाऊक होतं. आणि रोज दुपारी मी समोर बसून होते, खिटीला हात पुरेल एवढ्यावर."

"आठशे सुटले ना पण."

"सुटले. चांगलंच झालं." मावशींनी डोळ्यांवरून हात फिरवला. "पण या चोवीसांना माझ्याखेरीज दुसरा हात ठाऊक नव्हता, वन्सं. त्यांना वाटलं असेल, जग एवढंच आहे. आणि त्यांना तसं वाटू दिलं ते मी."

भिंतीला धरून, नव्या पायावर भार देत, वन्सं हळूहळू खाली उंबऱ्यावर बसल्या. उठताना आता दोघींनाही त्रास होणार होता.